दोन डॉलरची उल्का

टिपणीस काकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणाला वाटायला नको, की वय वाढलं, मन मोठं झालं, आता ही बाई सगळ्यांना माफ करत सुटणार. चाळिशी ओलांडली, केस रंगवते, न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात माझं स्वतःचं दगडांचं यार्ड आहे, स्वयंपाकघरातले ओटे कापायला सहा माणसं कामाला आहेत. आणि तरीही दिवाळीत काकांचा फोन आला की कानशिलाशी एक शीर उडायला लागते. नवरा म्हणतो, इतक्या वर्षांत मेलेला माणूससुद्धा विसरतात. मी म्हणते, मेलेल्या माणसाने माझं काही नेलेलं नाही.

तेव्हा आम्ही हॉर्नबीतच भाड्याच्या एका लाकडी घरात राहायचो. थंडीत ते घर आतून बाहेरच्यापेक्षा गार असायचं. मागच्या कुंपणापलीकडे गोदामं आणि कारखाने होते. एकात पत्रे ठोकायचे, एकात ट्रक दुरुस्त व्हायचे, आणि सगळ्यात टोकाला फाउंड्री, जिथे बाबा कामाला होते. पुण्यात बाबांच्या हाताखाली बारा माणसं ‘साहेब, साहेब’ करायची. इथे ते नारिंगी जाकीट घालून ओतकामातून निघालेल्या वस्तू मोजायचे, तपासायचे, वाईट निघालेल्या बाजूला टाकायचे. आई पुण्यात फार्मसिस्ट होती. इथे एका औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या फळीवर लावायची आणि रात्री फार्मसिस्ट होण्याच्या परीक्षेचा दुसऱ्यांदा अभ्यास करायची. सकाळी फाउंड्रीतली ठोकाठोक, दुपारी ट्रक मागे घेतानाची पीं पीं, नॉरवेस्टर हा इथला सोसाट्याचा वारा सुटला की कुंपणाच्या पत्र्याचा थरथराट, आणि संध्याकाळी आमचा स्वतःचा आवाज: धुराचा अलार्म. मोहरी तडतडली रे तडतडली की तो बोंबलायचा. मग बाबा स्टुलावर चढून ओला टॉवेल फिरवायचे आणि खालून आई ओरडायची, “अहो, बंद करा त्याला, हिंग करपतोय!” माझ्या लहानपणीच्या सगळ्या फोडण्या त्या किंकाळीत झाल्या. आजही कुणाकडे शांतपणे फोडणी झाली की मला ती कच्ची वाटते. पालक महाग, म्हणून सिल्व्हरबीटची पातळ भाजी, त्यात शेंगदाणे. रताळ्याच्या जागी कुमारा. आणि दिवाळी असो नसो, आईच्या चकल्या. आईला टेन्शन आलं की ती सोऱ्या काढायची. परीक्षेच्या आधीचे दोन महिने आम्ही चकल्यांवरच काढले.

आमच्या घरात घासाघीस कुणालाच जमायची नाही. दुकानदार सांगेल ती किंमत देऊन बाबा वर त्याला थँक यू म्हणायचे. सतराव्या वर्षी, शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, मी गल्ल्यावर उभी राहायला लागले, तेव्हा कळलं की प्रत्येक किमतीच्या मागे दुसरी एक किंमत लपलेली असते आणि ती बाहेर काढायला फक्त निर्लज्जपणा लागतो. तो माझ्यात भरपूर निघाला. कुणाकडून आला, यावर आईबाबांचं अजून एकमत नाही.

त्याच डेअरीच्या काचेवर एक चिठ्ठी लागलेली होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्काउटच्या हॉलमध्ये उल्कापाषाणांची अदलाबदल; किआ ओरा, सर्वांचं स्वागत, चहा-बिस्किटं. मी गेले ती बिस्किटांसाठी. आत गेले तर पंधरा-वीस मोठी माणसं, बहुतेक जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि शॉर्ट्स घातलेली, लांब टेबलांवर काळे खडे मांडून बसली होती. कुणी खडा भिंगातून बघतोय, कुणी दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक त्याच्यावर झुलवतोय, एक बाई तर डोळे मिटून हुंगत होती. हे खडे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत, त्यांच्यापुढे माणूस म्हणजे किती क्षुल्लक, असं प्रत्येक जण मला थरथरत्या आवाजात सांगत होता आणि पुढच्याच वाक्याला अर्ध्या ग्रॅमवरून शेजाऱ्याशी भांडत होता. मला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं.

हळूहळू तिथले रीतिरिवाज कळले. प्रत्येक खड्याबरोबर एक कार्ड असायचं: नाव, वजन, कुठे मिळाला, आधी कुणाकुणाकडे होता. पत्रिकाच म्हणायची. खडा ओबडधोबड असला तरी चालेल, पत्रिका हवी. पत्रिका हरवलेला देखणा खडा बिचारा वर्षानुवर्षं टेबलावर तसाच पडून राहायचा. त्यातही कुळं होती. जो आकाशातून पडताना कुणीतरी प्रत्यक्ष पाहिला, तो उच्च कुळातला. जो नुसताच कुठेतरी वाळवंटात सापडला, तो खालचा. मग आत दोघांचा दगड एकच का असेना. मी मनात म्हटलं, यांना आमच्याकडे येऊन लग्नं जुळवायला काय हरकत आहे? बाकी नियम दोनच. टेबलावर जे ठेवलंय ते अदलाबदलीला आहे. कुणी मागितलं तर निदान ऐकून घ्यायचं. आणि दुसरा, हातात हात दिला की सौदा झाला, परत फिरणं नाही.

हॉलमधला सगळ्यात जुना माणूस म्हणजे ग्रॅहॅम. आयुष्यभर मेंढ्या भादरण्याची यंत्रं दुरुस्त केली आणि आता निवृत्त होऊन शेडमध्ये हिऱ्याच्या पात्याची करवत लावून बसलेला. ख्राइस्टचर्चमधले सगळे उल्कावाले त्याच्याकडेच खडे कापून घ्यायचे, कारण आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही. त्याची रीत ठरलेली: कापायचे पैसे नाहीत, पण एक चकती त्याची. मला ‘मेघना’ म्हणणं त्याला जमेना, म्हणून तो मेग म्हणायचा. पहिल्याच महिन्यात डेअरीतल्या पगारातून टपालाने मागवलेल्या सहाराच्या बारीक खड्यांची एक पिशवी मी नीट निवडली, धुतली, प्रत्येकाला सुंदर अक्षरात कार्ड लिहिलं आणि त्यातले सात खडे त्यालाच गळ्यात मारून एक मोठा घेतला. तेव्हा तो म्हणाला, “जीझ, मेग, तुझ्या आईवडलांना सांग, मला वाचवा.”

आमच्या जमातीतला तिथे अजून एकच माणूस होता आणि तो म्हणजे डॉक्टर टिपणीस. इस्पितळात भूलतज्ज्ञ, वीस वर्षांपूर्वी आलेले, स्वतःचं दोन मजली घर, आणि बोलताना सारखं ‘विश्व’, ‘अनादि’, ‘अनंत’. सगळे मिटिअराइट म्हणायचे, काका मात्र ‘अशनी’ म्हणायचे. आम्ही या देशात उतरलो तेव्हा विमानतळावर आम्हाला घ्यायला तेच आले होते. पहिल्या थंडीत त्यांनी आम्हाला स्वतःचा एक हीटर आणून दिला होता आणि तो परत मागितला नव्हता. त्यामुळे आमच्या घरात त्यांचं स्थान देव्हाऱ्याच्या थोडंसंच खाली होतं. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीत अर्धेच टेकायचे.

आता दगडाकडे येते. दोन गल्ल्या सोडून एका घरी गराज सेल होता. तिथे गराजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक काळा दगड ठेवलेला. दोन मुठींएवढा, आणि उचलला तर खांदा खाली गेला. वरून अंगठ्याने पीठ दाबावं तसे खळगे. खिशातलं लोहचुंबक लावलं तर असं बसलं की ओढून काढावं लागलं. पण तोंडावर मी काही दिसू दिलं नाही. मालकीण म्हणाली पाच डॉलर. मी आधी एक जुना स्विमिंगचा टॉग्ज उचलला, त्याची शिवण उसवलेली दाखवली, बराच वेळ नाक मुरडलं आणि शेवटी दोन डॉलरमध्ये टॉग्ज घेतला आणि दगड वर मागून घेतला. घरी येताना पिशवीचा बंद तुटला, तर मी तो दगड लेकरासारखा कडेवर घेऊन आले.

खरं तर त्याच शनिवारी ग्रॅहॅमकडे नेऊन तो कापायला हवा होता. पण कापला की त्याला एक चकती द्यावी लागणार. माझ्या दगडातली चकती! ज्याने गराजमध्ये घाम गाळला नाही, नाक मुरडलं नाही, त्याला का म्हणून? मी ठरवलं, स्वतःची करवत घेईन तेव्हाच कापीन. तोवर दगड माझ्या उशाशी राहील. बाबांनी एकदा तो उचलून खालून-वरून पाहिला, अंगठ्याने खळगे चाचपले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, “बाबा, ठेवा तो, तुमच्या हाताला ग्रीस आहे.” त्यांनी ठेवला.

मग एका रविवारी टिपणीस काका-काकू जेवायला आले. आईने अळूवड्या केल्या होत्या. अळू कुठून तरी पॅसिफिक आयलंडवाल्यांच्या दुकानातून आणलं होतं. अलार्म दोनदा वाजून गेला होता. जेवण झाल्यावर बाबांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, “आमची मेघनापण तुमच्यासारखीच हो, दगडवेडी. आण गं तो तुझा दगड.” मी आणला. काकांनी तो दोन्ही हातांत तोलला आणि म्हणाले, “वा! वजनदार आहे हो.” एवढंच. पाहुण्याने काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणतात तेवढंच. आणि बाबा, ज्यांच्याकडे त्या घरात स्वतःचं म्हणून द्यायला दुसरं काहीच नव्हतं, ते उजळून म्हणाले, “आवडला? मग घेऊन जा की!”

“छे छे, पोरीचा आहे तो.”

“पोरीचा काय नि आमचा काय. न्या.”

“नको हो, खरंच.”

“आता तुम्ही नाही नेलात तर मला वाईट वाटेल, डॉक्टर.”

तिसऱ्यांदा म्हटल्यावर काकांनी दगड घेतला. रीतच आहे आपली. देणाऱ्याने तीनदा म्हणायचं, घेणाऱ्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. एकदाच विचारणं म्हणजे न विचारणं आणि पहिल्यांदाच घेणं म्हणजे हावरटपणा. काकूंनी तो पर्समध्ये टाकला, वर आईने दिलेल्या अळूवड्या, आणि माझी उल्का आमच्या डोळ्यांदेखत गेली. दार लागल्यावर मी हातातला डाव भिंतीवर फेकून मारला. त्याची खूण घर सोडेपर्यंत तिथेच होती. “तुमचा होता का तो? तुमच्या बापाचा होता का?” असं मी बाबांना म्हणाले. आईने माझ्या तोंडात मारली. दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी चकल्या खाल्ल्या, पण बोलले नाही. बाबा एवढंच म्हणाले, “अगं, दगडच तो. मी तुला दुसरा आणून देतो, फाउंड्रीत ढीग पडलाय.” यावर तर मी महिनाभर बोलले नाही.

पुढचं वर्षभर मी पेटलेली होते. दगड परत मिळवायचा, पण भीक मागून नाही, सौद्यात. त्यासाठी काकांना मोह पडेल असं काहीतरी हातात हवं. ग्रॅहॅमकडे तशी एक वस्तू होती. मारी बिस्किटाएवढी, पापडाएवढी पातळ चकती. लोखंडाची जाळी आणि जाळीच्या प्रत्येक घरात मधाच्या रंगाचा स्फटिक. उजेडासमोर धरली की पेटायची. अख्ख्या हॉलमध्ये तशी दुसरी नव्हती, आणि काका दर महिन्याला ती हातात घेऊन दोन मिनिटं अनंताबद्दल बोलायचे आणि सुस्कारा सोडून परत ठेवायचे. ती मिळवायला मला सात महिने लागले. माझे निवडक अकरा खडे दिले आणि शिवाय सुट्टीच्या दिवशी ग्रॅहॅमच्या शेडमध्ये बसून त्याच्या सगळ्या लोखंडी खड्यांवरचा गंज टूथब्रशने घासून काढला. शेवटी हातात हात देताना तो म्हणाला, “यू’व्ह स्किन्ड मी, मेग,” म्हणजे मला सोललंस, आणि मेंढ्यांच्या माणसाने ते म्हणावं यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मला नंतर बँकेनेही दिलं नाही. चकती घरी आणली तेव्हा आईने ती खिडकीशी धरली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मधाच्या थेंबांसारखा उजेड सांडला. आईने ती दोनदा फिरवून पाहिली. मग म्हणाली, “ही मात्र कुणाला द्यायची नाही हं. बाबांना दाखवूच नकोस.” मी हो म्हटलं. ते वर्ष सरलं तरी चकती तशीच तिच्या छोट्या पेटीत होती. द्यायचा धीर मलाही होत नव्हता, हे कबूल करायला हवं.

त्या शनिवारी नॉरवेस्टर असा सुटला होता की हॉलचं दार बंदच राहीना. टेबलांवरची कार्डं उडत होती, लोक त्यांच्यावर पालथे पडत होते. काकांच्या टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ होता. त्याची तीन टोकं पुस्तकांनी दाबलेली आणि चौथ्या टोकावर माझा दगड. टेबलक्लॉथ उडू नये म्हणून! माझ्या डोक्यात आधी रक्त चढलं आणि मग, त्याच्या पाठोपाठ, अक्कल. मी स्वतःशी म्हटलं, मेघना, हा माणूस लबाड आहे. कुणाची नजर जाऊ नये म्हणून त्याने हिरा वीट म्हणून वापरलाय. पण ठेवलाय टेबलावर. टेबलावर आहे म्हणजे मागता येतो.

“काका, तो दगड अदलाबदलीला आहे ना?”

काका दचकले. “कुठला? हा? नको गं, हा नको.”

“टेबलावर आहे.”

“अगं, त्यात काही विशेष नाही. तू दुसरं काहीतरी बघ ना. हा सहाराचा बघ, पत्रिकेसकट आहे.” काकांनाही मीच तो शब्द शिकवला होता.

त्यात काही विशेष नाही! ज्या माणसाच्या बायकोने पाच पक्वान्नं केली तरी जो म्हणतो, “काही विशेष नाही, साधंच आहे,” त्याच्या तोंडचं हे वाक्य. मला ते ऐकून खात्रीच पटली. मी तीन खडे दाखवले. काका नको म्हणाले. सहा दाखवले. “नको गं बाई, ऐक माझं, राहू दे तो माझ्याकडे.” त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि घाम आलेल्या माणसाला सोडायचं नसतं हे मी डेअरीत पाववाल्याकडून शिकले होते. दोनदा नको झालं, तिसऱ्यांदा झालं. मी पेटी उघडली आणि चकती टेबलक्लॉथवर ठेवली.

हॉलमध्ये वारा होताच, पण आमच्या टेबलापाशी काही हललं नाही असं मला वाटलं. ग्रॅहॅम शेजारून म्हणाला, “मेग, डोंट.” मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काका चकतीकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, दगडाकडे पाहिलं, परत चकतीकडे. तीन वेळा त्यांनी मला नको म्हटलं, हे मी मान्य करते. शपथेवर मान्य करते. पण चौथ्या वेळी ते काही म्हणाले नाहीत. चौथ्या वेळी त्यांचा हात आपोआप पुढे आला. मी तो धरून असा हलवला की त्यांचं घड्याळ निसटलं.

हा माझा खटला आहे, आणि ज्याला न्यायाधीश व्हायचंय त्याने व्हावं. काका आजही सगळ्यांना सांगतात, “मी पोरीला तीनदा सांगितलं.” चौथ्याचं काय, काका? हे तुम्ही वाचालच. तेवढं फक्त सांगा.

आता दगड हातात आल्यावर करवतीची वाट बघायचा धीर राहिला नव्हता. त्याच दुपारी ग्रॅहॅमच्या शेडमध्ये गेलो. बाबांनाही मी मुद्दाम फोन करून बोलावून घेतलं, त्यांनी काय देऊन टाकलं होतं ते त्यांना कळावं म्हणून. ग्रॅहॅम म्हणाला, “चकती नको मला, मेग. ही फुकट.” तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. दगड शिकंज्यात बसवताना त्याने तो फिरवला, तर खालच्या अंगाला कानशीने घासलेली नखाएवढी एक जागा दिसली. कुणीतरी आत डोकावून पाहिलेलं. काकांनी, याच शेडमध्ये बसून. कधी, ते ग्रॅहॅमने सांगितलं: ज्या रविवारी काका अळूवड्या खाऊन गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. करवत दीड तास चालली. दोन अर्धे वेगळे झाले. आत करडा रंग, आणि बारीक बारीक बुडबुडे, जाळीदार पोळ्यासारखे. आकाशातून येणाऱ्या लोखंडात बुडबुडे नसतात.

“यॅ, नाह,” ग्रॅहॅम हळूच म्हणाला, म्हणजे हो म्हणता म्हणता नाही. या देशात वाईट बातमी अशीच देतात.

बाबांनी एक अर्धा उचलला, अंगठा फिरवला आणि त्यांच्या त्या तपासनिसाच्या आवाजात म्हणाले, “बीड आहे. ओतताना सांडलेलं. आमच्याकडचंच असणार.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी वाटलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू म्हणालीस हाताला ग्रीस आहे, ठेवा.” मग, माझ्याकडे न बघता, “आणि तू इतकी खूश होतीस. म्हटलं, बिडाने काय बिघडतंय? डॉक्टरांना दिला तोही म्हणूनच. तुझी खरी उल्का असती तर मी दिली असती का गं?”

त्या दिवशी मी पहिल्यांदा बाबांसमोर रडले आणि तेही रागाने. घरी आल्यावर आईने बिडाचा अर्धा तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाली, “एवढ्या बिडात चांगला तवा झाला असता.”

काकांचं मन त्यांना खात असावं, कारण पुढच्याच रविवारी ते काकूंना घेऊन न सांगता आले. काकूंच्या हातात वड्यांचा डबा. सुक्या खोबऱ्याच्या वड्या, थोड्या जळक्या. आम्ही सगळे बसलो. हवापाण्याचं बोलून झालं. मग काकांनी शर्टाच्या खिशातून माझी पेटी काढली आणि टेबलावर ठेवली. झाकण उघडं होतं. चकतीवर दिव्याचा उजेड पडला आणि पेटीत मध चमकला.

“मेघना, ही तुझी आहे. त्या रात्रीपासून मला झोप नाही. घे.”

बाबा माझ्याकडे बघत होते, आई बघत होती, काकू बघत होत्या. मला ती हवी होती. तेवढं हवं असं मला आयुष्यात नंतर काही वाटलेलं नाही, यार्डसुद्धा नाही. हात टेबलाखालून निघालाही होता. पण सगळे बघत असताना पहिल्याच वेळी घ्यायची? ती पण या माणसाकडून, जणू मी त्याच्या दारात बसले होते? मी मान ताठ केली आणि म्हणाले, “नको. सौदा म्हणजे सौदा.” आणि वाट बघत बसले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस वीस वर्षं इथल्या इस्पितळात भूल देत होता. पेशंट एकदा नाही म्हणाला की सुई खाली ठेवायची, परत विचारायचं नाही, गळ घालायची नाही, अशी त्याची शिकवण. त्या क्षणी कुठला टिपणीस तिथे बसला होता, पुण्याचा की इस्पितळातला, हा प्रश्न मी आजही सोडवते आहे. ते म्हणाले, “फेअर इनफ. मोठी झालीस हो तू.” आणि पेटीचं झाकण लावून ती खिशात ठेवली. वर खिशाला हलकेच थोपटलंसुद्धा.

बाबांनी उचललेली वडी परत ठेवली. आई उठून चहा टाकायला गेली आणि आत कपबश्या जोरजोरात वाजल्या. नंतरचा अर्धा तास कोण काय बोललं ते मला आठवत नाही. खिशाचा तो चौकोनी फुगवटा तेवढा आठवतो. काका हसले की तो हलायचा. मग ते उठले, जँडल्स घातल्या, काकूंनी आईला नमस्कार केला, गाडीची दारं लागली.

“जा!” आई आतून ओरडली. “पळ, मूर्खे! माग त्यांच्याकडे!”

मी अनवाणी पळाले. ड्राइव्हवेच्या टोकाला गाडी गाठली, काचेवर थाप मारली. काकांनी काच खाली केली. चेहरा एकदम आशेचा होता त्यांचा, हे मी आज खरं खरं सांगते. हात खिशापाशी गेलाही होता. “काय गं?” ते म्हणाले. “काय राहिलं?”

मी मागे पाहिलं. दारात बाबा उभे होते, पलीकडच्या घरचा माणूस पाइप घेऊन गवताला पाणी घालत होता, काकू वाकून बघत होत्या.  आईने निघताना हातात कोंबलेला डबा तेवढा माझ्याकडे होता.

“तुमचा डबा,” मी म्हणाले.

काकांचा हात खिशावरून खाली आला. काकूंनी डबा घेऊन झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, कशाला एवढं? आईला सांग, काही गरज नव्हती हं.” डबा काठोकाठ भरलेला होता. रिकामा परत पाठवू नये म्हणून आईने आठवड्याच्या सगळ्या चकल्या त्यात घातल्या होत्या. काच वर गेली. माझी चकती आणि आमच्या चकल्या एकाच गाडीत बसून वळणावरून दिसेनाशा झाल्या, आणि त्या रात्री आम्हाला चहाबरोबर काकूंच्या जळक्या वड्या खाव्या लागल्या.